समोरच्याच्या गाडीला विमा नसेल तर?

सभासद बंधूंनो, या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खते आणि हुमणी यांविषयी लिहितो. आज गाडीच्या विम्याविषयी लिहीत आहोत. उसाच्या माणसाला विम्यातले काय कळते, असे कोणी म्हणेल. आम्हालाही कळत नव्हते. एका पोराचा मोडलेला पाय पाहिला आणि मग कागद वाचायला बसलो.

२०२४ च्या दिवाळीनंतर साखर संघाच्या कामासाठी मुंबईस जाणे झाले. आमच्या गटातील एका सभासदाचा मुलगा मढला राहतो. त्याचे वडील, म्हणजे आबा, आमच्यासोबतच निघाले होते. मढ हे मुंबईत असूनही मुंबईबाहेरचे वाटणारे गाव. मालाडहून मार्वेमार्गे रस्त्याने जाता येते, नाहीतर वर्सोव्याहून खाडी ओलांडून फेरीबोटीने. आम्ही बोटीने गेलो. कोळीवाडा, वाळत घातलेले बोंबील आणि पुढे सिनेमाच्या शूटिंगचे बंगले. पोरगा त्या बंगल्यांवर लाइटचे सामान पोचवण्याचे काम करी. पावसाळ्यात रात्री मोटारसायकलवरून खोलीवर येत असता मागून एका मोटारीने उडवले. मांडीत रॉड घातला होता, काम बंद होते.

मोटारवाला पळाला नाही, हे त्याच्याविषयी सांगितले पाहिजे. त्यानेच रिक्षात घालून दवाखान्यात नेले. पण पोलिसांनी कागद मागितले तेव्हा कळले की मोटारीची पॉलिसी चार महिन्यांपूर्वीच संपलेली. पोरगा आम्हाला म्हणाला, "साहेब, माझ्या गाडीचा इन्शुरन्स चालू आहे. चूक त्याची आहे. मग मला पैसे का मिळत नाहीत?"

प्रश्न अगदी सरळ होता, आणि तेव्हा आम्हाला उत्तर देता आले नाही.

उत्तर असे आहे. कायद्याने सक्तीचा असलेला विमा हा तिऱ्हाइताचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा. आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर त्या दुसऱ्याला भरपाई देण्यासाठी तो असतो. कोळपताना आपण बैलाला मुसके बांधतो ते पीक वाचावे म्हणून, बैलाच्या सोयीसाठी नव्हे. शेजाऱ्याचा बैल मुसक्याशिवाय आपल्या उसात शिरला तर आपल्या बैलाच्या मुसक्याचा काय उपयोग? पोराची पॉलिसी चालू होती ती दुसऱ्यांसाठी. त्याला उपयोगी पडणारी पॉलिसी मोटारवाल्याची, आणि ती तर संपलेली.

अमेरिकेत या अडचणीसाठी वेगळे संरक्षण असते. समोरच्याकडे विमा नसला तर आपलीच विमा कंपनी आपल्याला भरपाई देते. न्यूयॉर्क राज्यात तर ते प्रत्येक मोटार पॉलिसीत असावेच लागते. ज्यांची मुले तिकडे नोकरीस आहेत त्यांनी विचारून पाहावे. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत असे कलम नाही. आणि गरज तर आपल्याकडे जास्त, कारण देशातल्या निम्म्याच्या आसपास गाड्या चालू विम्याविना फिरतात, असे सरकारी माहितीवरूनच दिसते. पहिल्यांदा पकडले तर दंड २,००० रुपये, पुन्हा पकडले तर ४,०००, तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. पण पकडतो कोण?

मग आपल्या हाती काय राहते? पॉलिसीत 'मालक-चालक वैयक्तिक अपघात' अशी एक ओळ असते. पूर्वी तिची रक्कम मोटारसायकलला एक लाख आणि मोटारीला दोन लाख होती; २०१८ पासून ती १५ लाख झाली. चूक कोणाची, समोरच्याला विमा होता का, हे तिथे विचारले जात नाही. मात्र चालवणारा स्वतः नोंदणीकृत मालक हवा आणि त्याचे लायसन चालू हवे. शिवाय ती रक्कम मृत्यू, हात-पाय किंवा डोळा कायमचा जाणे, किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व यासाठीच. मोडलेल्या मांडीला त्यातून एक पैसा नाही. गाडी बापाच्या नावावर आणि चालवतो मुलगा, हे आपल्याकडे घरोघरी आहे. त्या मुलाला ही ओळ लागूच पडत नाही. त्याच्यासाठी वेगळी अपघात पॉलिसी आणि दवाखान्याचा विमा घ्यावा लागतो. आपल्या गाडीचे नुकसान भरून हवे असेल तर पूर्ण, म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी लागते.

दवाखान्याच्या बाबतीत आता थोडी सोय झाली आहे. ५ मे २०२५ पासून रस्त्यावरील मोटार अपघातातील जखमीला ठरलेल्या दवाखान्यांत सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळण्याची केंद्राची योजना लागू झाली. धडकलेल्या गाडीला विमा नसला तरी ती मिळते. मढच्या पोराच्या वेळी ती नव्हती.

एक गोष्ट मात्र आम्हाला विचित्र वाटली. धडक देणारा पळून गेला आणि गाडीचा पत्ताच लागला नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूस दोन लाख आणि गंभीर दुखापतीस पन्नास हजार रुपये ठरलेले आहेत. अर्ज महसूल अधिकाऱ्यांकडे करायचा असतो. पण गाडी समोर उभी आहे, नंबर माहीत आहे, नुसता विमा नाही, तर हे पैसे नाहीत. अशा वेळी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मालकावर दावा लावायचा. कायद्यात त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे. त्या मुदतीवरून कोर्टात वाद झाले आहेत, तरी आपण त्या भरवशावर थांबू नये. पोराने वेळेत दावा लावला. पण मोटारवाला स्वतः भाड्याच्या खोलीत राहणारा. हुकूम झाला तरी वसूल कशातून होणार?

परतीच्या गाडीत आबा बराच वेळ बोलले नाहीत. कर्जतच्या पुढे म्हणाले, "साहेब, त्याच्याकडे काही नाही म्हणून तो सुटल. माझ्याकडं तर जमीन हाय. माझ्या ट्रॉलीखाली कुणी आलं तर?"

बंधूंनो, हा लेख लिहिला तो या प्रश्नासाठी. विमा नसलेल्या गाडीचा मालक म्हणजे दर वेळी दुसराच कोणी असतो असे नाही. गव्हाणीकडे लागणाऱ्या रांगेत तो आपलाच असतो. ट्रॅक्टर कर्जाने घेतला तेव्हा बँकेने विमा काढायला लावलेला असतो. कर्ज फिटले की पॉलिसीही सुटते. आणि ट्रॉली? पॉलिसीत ट्रॉलीची वेगळी नोंद करून तिचा हप्ता भरावा लागतो. दोन ट्रॉल्या असतील तर दोन्हींची. शेतीकामाच्या पॉलिसीवर भाड्याने दुसऱ्याचा ऊस ओढला तर कंपनी तीही हरकत काढते.

भरलेल्या ट्रॉलीवर ऊसतोड मजूर बसवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट वाचावी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून जाताना जखमी झालेल्या एका मजुराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली विमा कंपनी जबाबदार नाही असे ठरवले. मजूर गरीब, म्हणून कंपनीने त्याला आधी पैसे द्यावेत असे सांगितले, पण ते मालकाकडून वसूल करण्याची मुभाही दिली.

मालकाकडून वसूल म्हणजे कसे, तेही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे न्यायाधिकरण कलेक्टरला दाखला देऊ शकते, आणि मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. हे शब्द आपल्याला नवे नाहीत. शिवाय अपघातातली विनाविमा गाडी मालकाने पुरेसे तारण दिल्याशिवाय सोडू नये, आणि तारण न दिल्यास तीन महिन्यांनी लिलाव करावा, असा नियम सर्व राज्यांनी अमलात आणावा असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बजावले. ऐन हंगामात ट्रॅक्टर पोलीस ठाण्याच्या आवारात, आणि उचल घेतलेली टोळी फडात बसून.

आबा दुसऱ्याच दिवशी पॉलिसी घेऊन गट ऑफिसात आले. ट्रॅक्टरची मुदत अजून दीड महिना होती. ट्रॉलीच्या रकान्यात काहीच लिहिलेले नव्हते. दोन्ही ट्रॉल्यांचे नंबर आम्ही त्याच कागदाच्या मागे लिहून दिले आणि ते तालुक्याची एस.टी. धरायला निघाले.