विकलं म्हणजे टिकलं का?

‘घरगुती पारंपरिक पदार्थांच्या विक्रीतून सांस्कृतिक वारशाचे जतन’. संशोधन आराखड्यात असा विषय लिहिणं सोपं आहे. माझ्या पहिल्या मसुद्यातही हेच होतं. अडचण अशी, की यात उत्तर आधीच गृहीत धरलंय. मग शोधायचं काय?

म्हणून आधी ‘वारसा’ म्हणजे काय ते ठरवा. युनेस्कोच्या २००३ च्या करारानुसार अमूर्त वारशात पिढ्यान्‌पिढ्या पुढे जाणाऱ्या प्रथा, ज्ञान आणि कौशल्यं येतात. म्हणजे ताटातल्या पदार्थाइतकाच तो करणारा हातही महत्त्वाचा.

एक उदाहरण बघू. मोताळा तालुक्यातलं रोहिणखेड वऱ्हाडातलं, पण खानदेशाला लागून. या पट्ट्यात पुरणाचे मांडे करतात. सैल कणीक, आत पुरण, दोन्ही हातांवर फिरवत वाढवलेला मांडा आणि चुलीवर उपडं घातलेलं खापर. कणीक किती तिंबायची हे कृतीच्या कागदावरून कळत नाही. करणारीच्या शेजारी बसूनच हाताला समजतं.

आता विक्रीकडे या. पापड-कुरडया महिनोन्‌महिने टिकतात, लांब पाठवता येतात. मांडा ताजाच खावा लागतो. त्यामुळे बाजार परंपरेतलं सगळं उचलत नाही. त्याला परवडेल तेवढंच निवडतो.

लिज्जत पापड आठवा. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. आज हजारो बायकांचं घर त्यावर चालतं. पण तिथे पीठ केंद्रावर मळलं जातं आणि बायका ते घरी नेऊन लाटतात. चव एकसारखी राहते; पिठाच्या प्रमाणाचा अंदाज मात्र लाटणारीच्या हातात उरत नाही. मिळकत झाली, पदार्थ टिकला, कौशल्य वाटलं गेलं. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजा.

क्षेत्रकार्याला जाताना ‘महिन्याला किती विकता?’ एवढंच विचारून परत येऊ नका. कुणाकडून शिकलात, आता तुमच्याजवळ बसून कोण शिकतंय, गिऱ्हाइकासाठी काय बदललं, हेही विचारा. बदल दिसला की लगेच ‘ऱ्हास’ लिहू नका. खापर गॅसवर चढलं आणि त्यामुळे सून शिकायला बसली, तर ते जतनच.

ऑर्डरी भरपूर आहेत, पण शिकणारं कुणीच नाही, असं आढळलं तर? तेही लिहा. तोच तुमचा निष्कर्ष.