दोन-अडीच लाखांचा हेडफोन: आवाज कुणाचा भारी आणि डोक्यावर कोण टिकतो?

सेनहायझर या जर्मन कंपनीनं २०१८ मध्ये एचडी ८२० नावाचा हेडफोन आणला. त्याच्या दोन्ही कपांच्या मागच्या बाजूला काच आहे. साधीसुधी नाही, मोबाईलच्या स्क्रीनला असते ती गोरिला ग्लास. किंमत २,३९९ डॉलर, म्हणजे आजच्या दरानं दोन लाखांच्या आसपास. आता प्रश्न असा की कानाला लावायच्या वस्तूला काच कशाला? शायनिंग मारायला?

थोडी शायनिंग आहेच. पण खरं कारण वेगळं आहे आणि ते समजलं की महागड्या क्लोज्ड-बॅक हेडफोनचं अर्धं गणित सुटतं. उरलेलं अर्धं गणित आवाजाचं नाहीच. ते चष्म्याचं, घामाचं आणि मानेचं आहे.

क्लोज्ड-बॅक म्हणजे नेमकं काय?

कोणत्याही हेडफोनच्या आत एक पातळ पडदा असतो. तो मागे-पुढे हलतो, हवा ढकलतो आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. पण पडदा जेवढा आवाज कानाकडे फेकतो, तेवढाच पाठीमागेही फेकतो. या मागच्या आवाजाचं करायचं काय, यावरून हेडफोनच्या दोन जाती पडतात.

ओपन-बॅकमध्ये मागे जाळी असते. आवाज बाहेर निघून जातो, गाणं मोकळं वाटतं. तोटा एवढाच की तुम्ही काय ऐकताय ते शेजारी बसलेल्यालाही ऐकू येतं. क्लोज्ड-बॅकमध्ये मागचा कप बंद असतो. गंमत म्हणजे जाळीवाला प्रकार नंतर आला. सेनहायझरचाच एचडी ४१४ हा १९६८ चा हेडफोन पहिला ओपन-बॅक म्हणून ओळखला जातो.

मग आवाज मोकळा येत असेल तर सगळ्यांनी ओपन-बॅकच का घेऊ नये? कारण आपण राहतो कुठे ते बघा. वन बीएचकेमध्ये हॉलमध्ये मालिका चालू, आत बहिणीचा अभ्यास, खाली रिक्षा आणि डोक्यावर पंखा. ओपन-बॅक इथे दुहेरी त्रास देतो. घरचे वैतागतात आणि आपल्यालाही गाण्यात पंखा ऐकू येतो. स्टुडिओतही गायकाच्या कानावर बंद कपच लागतात, नाहीतर कानातली म्युझिक ट्रॅक माइकमध्ये शिरते.

तर बंद कप ही हौस नाही, गरज आहे. पण त्याची किंमत मोजावी लागते. मागे गेलेला आवाज कपाच्या भिंतीवर आपटून परत येतो आणि त्या पातळ पडद्यातून आरपार कानापर्यंत पोचतो, अगदी किंचित उशिरा. मूळ आवाज आणि हा परतीचा आवाज एकमेकांत मिसळले की काही सूर फुगतात, काही बसतात. रिकाम्या खोलीत बोलल्यावर आवाज घुमतो ना, तेच इथे वाटीएवढ्या जागेत घडतं. स्वस्त क्लोज्ड-बॅकमध्ये आवाज 'डब्यातून' येतो असं आपण म्हणतो, ते याच्यामुळेच.

त्या आवाजाला कोणी कसं गाठलं?

आता काचेकडे येऊ. एचडी ८२० ची काच सपाट नाही, आत वळलेली आहे. मागे आलेला आवाज तिच्यावरून बाजूला वळतो आणि कपात ठेवलेल्या शोषकांमध्ये जिरतो. म्हणजे आवाज बाहेर जाऊ द्यायचा नाही, पण पडद्याकडे परतही येऊ द्यायचा नाही.

फ्रान्सच्या फोकलनं २०१९ मध्ये स्टेलिया आणला. किंमत त्याहून जास्त, साधारण ३,००० डॉलर. त्याचा पडदा बेरिलियम धातूचा आहे. बेरिलियम वजनाला हलकं आणि तरी ताठ, त्यामुळे पडदा चटकन हलतो आणि चटकन थांबतो. जपानच्या डेनॉननं एएच-डी९२०० मध्ये कप बांबूचे केले. बांबू कोचीचा, केरळच्या नाही, जपानच्या. सोनीच्या एमडीआर-झेड१आर (२०१६) मध्ये ७० मिलिमीटरचा अवाढव्य ड्रायव्हर आहे आणि कपात कागदाच्या लगद्यापासून केलेला फिल्टर.

सगळ्यात वेगळी वाट धरली ती अमेरिकेतल्या डॅन क्लार्क ऑडिओनं. २०२१ चा स्टेल्थ, किंमत ३,९९९ डॉलर. यात पडदा आणि कान यांच्या मध्ये बारीक बारीक नळ्यांची एक चकती बसवली आहे. प्रत्येक नळीची लांबी ठरवून घेतलेली. ज्या लांबीची नळी, त्या सुराची जादाची लाट ती खाऊन टाकते. कंपनी याला मेटामटेरियल म्हणते. नाव सायन्स फिक्शनसारखं आहे, पण तत्त्व साधं आहे. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच ठरावीक सूर निघतो, ते आठवा.

आवाजात कोण सरस?

स्पष्ट सांगायचं तर सूर जागच्या जागी ठेवण्यात स्टेल्थ पुढे आहे. 'बरोबर' आवाज कसा असावा याचा एक नकाशा हर्मन कंपनीच्या संशोधकांनी शेकडो लोकांना ऐकवून तयार केला आहे, त्याला हर्मन कर्व्ह म्हणतात. स्टेल्थ त्याच्या बराच जवळ बसतो आणि आवाजात भेसळही फार कमी करतो. पण त्याला ताकदीचा अॅम्प्लिफायर लागतो. फोनला छोटं डोंगल लावून ऐकाल तर चार हजार डॉलरचा माल मरगळलेला वाटेल. शिवाय काही जणांना तो जास्तच सरळमार्गी वाटतो. हिशेब चोख, पण मजा कुठाय?

मजा हवी असेल तर स्टेलिया. ढोलकीची थाप, तबल्याचा 'ना', गिटारची तार, हे सगळं त्यात टणकन उठून येतं. तो चालवायला सोपा आहे, फोनलाही पुरेसा वाजतो. मात्र वरचे सूर तीक्ष्ण आहेत. आधीच कर्कश रेकॉर्ड झालेलं गाणं लावलंत तर दोन तासांत कान थकतील.

एचडी ८२० चं विशेष म्हणजे जागा. वाद्यं डोक्याच्या आत नाही, भोवती बसल्यासारखी वाटतात आणि क्लोज्ड-बॅकमध्ये हे दुर्मीळ आहे. पण काचेनं सगळं सोडवलेलं नाही. मोजमाप करणाऱ्यांच्या आलेखांत त्याला ३०० हर्ट्झच्या आसपास एक खड्डा दिसतो. माणसाच्या आवाजाला भरीवपणा देणारा भाग याच पट्ट्यात असतो. त्यामुळे ऑर्केस्ट्रा छान, पण खर्जातला गायक थोडा पोकळ. शास्त्रीय गायन हाच ज्यांचा मुख्य खुराक आहे, त्यांनी हा ऐकल्याशिवाय अजिबात घेऊ नये.

सोनीचा झेड१आर उबदार आणि भारदस्त, बेसकडे झुकलेला. पण बाहेरचा आवाज अडवण्यात तो या जातीत कच्चाच. डेनॉन उजळ आणि मोकळा.

आणि मग चष्मा मध्ये येतो

एका मित्रानं सव्वा लाखाचा क्लोज्ड-बॅक घेतला (कोणता ते जाऊ दे). मी घालून बघितला. तबल्याचं गाणं लावलं, तर डग्गा जवळजवळ गायब. घुमारा नाहीच, नुसती चापट ऐकू येत होती. मित्र म्हणाला, 'अगं, चष्मा काढ.' काढला. डग्गा परत आला.

हे जादूटोणा नाही. बंद हेडफोनमध्ये बेस टिकतो तो गादी आणि गाल यांच्यात हवा अडकलेली असते म्हणून. चष्म्याची काडी मध्ये आली की फट पडते आणि खालचे सूर तिथून निसटतात. दाट केस, दाढी, गालाचं हाड, कानाखालचा खळगा, सगळ्यानं हेच होतं. म्हणून एकाच हेडफोनला एक जण 'बेसचा बाप' म्हणतो आणि दुसरा 'कोरडा' म्हणतो. दोघंही खरं बोलत असतात. त्यांची डोकी वेगळी असतात.

यूट्यूबवरच्या रिव्ह्यूमध्ये हेच सांगायचं राहून जातं. रिव्ह्यू करणाऱ्याला चष्मा नसेल आणि तुम्हाला असेल, तर त्याचं बेसबद्दलचं मत तुमच्या काहीच कामाचं नाही. काडी बारीक आणि लवचिक असेल तर फरक कमी पडतो. जाड प्लास्टिकची फॅशनेबल फ्रेम असेल तर वाट लागते.

वजन आणि घाम

आकडे बघा. डेनॉन डी९२०० साधारण ३७५ ग्रॅम, एचडी ८२० ३६०, स्टेल्थ ४१५, स्टेलिया ४३५. ऑडीझी या अमेरिकन कंपनीचा एलसीडी-एक्ससी तर साडेसहाशे ग्रॅमच्या पुढे. अर्धा किलोची साखरेची पिशवी डोक्यावर ठेवून दोन तास बसा, म्हणजे अंदाज येईल. त्याचा आवाज चांगला आहे, पण मानेचा त्रास असलेल्यांना मी तो सुचवणार नाही.

नुसत्या वजनावरही जाऊ नका. वजन टेकतं कसं ते महत्त्वाचं. स्टेल्थला डोक्यावर रुंद पट्टा आहे, भार पसरतो आणि तो त्याच्याहून हलक्या हेडफोनपेक्षा सुसह्य वाटू शकतो. याउलट भार टाळूच्या एका बिंदूवर येत असेल तर तीनशे ग्रॅमही अर्ध्या तासात टोचतात. तिसरी गोष्ट म्हणजे दाब. दाब जास्त तर बेस पक्का, पण जबडा दुखतो. दाब कमी तर आराम, पण फट पडते. आवाज आणि आराम इथे थेट एकमेकांच्या विरोधात उभे राहतात आणि कंपनी कुठलीही असो, तिला मध्येच कुठेतरी थांबावं लागतं.

आणि घाम! बंद कप म्हणजे कानाला घातलेली झाकणंच. चामड्याच्या गाद्या मे महिन्यात, एसी नसलेल्या मुंबईच्या खोलीत वीस मिनिटांत चिकचिक करतात. मखमली गाद्या कानाला बऱ्या वाटतात, पण त्यातून हवा निसटते, म्हणजे पुन्हा बेसचा प्रश्न. कृत्रिम चामडं असेल तर आणखी एक भानगड आहे. पॉलियुरेथेन दमटपणानं हळूहळू विघटित होतं आणि त्याचे काळे पापुद्रे सुटू लागतात. कोकण, मुंबई, गोव्यात राहत असाल तर दर काही वर्षांनी गाद्यांचा खर्च धरूनच चला. गाद्या शक्यतो कंपनीच्याच घ्या. जाडी किंवा कापड बदललं की आवाजही बदलतो.

एक गैरसमज

क्लोज्ड-बॅक म्हणजे बाहेरचा आवाज बंद, असं वाटत असेल तर थांबा. बंद कप शिट्टी, बोलणं, भांड्यांचा खणखणाट बऱ्यापैकी अडवतो. पंख्याची घरघर, बसचं इंजिन, लोकलची धडधड असे खालचे आवाज आत येतातच. ते मारायला नॉइज कॅन्सलिंग लागतं. म्हणजे प्रवासात २५-३० हजारांचा नॉइज कॅन्सलिंग हेडफोन तुम्हाला अडीच लाखांच्या स्टेलियापेक्षा जास्त शांतता देईल. हे महागडे हेडफोन घरी, बऱ्यापैकी शांत खोलीत ऐकायचे आहेत.

गोंगाटात बसून आवाज वाढवत नेण्याचा धोकाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्यांसाठीच्या मर्यादेनुसार ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात. प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०. हेडफोन कितीचा आहे हे कानाला कळत नाही.

मग एवढे पैसे घालायचे का?

२०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट या संशोधकानं २८३ हेडफोनची मोजणी तपासली. किंमत आणि सुरांचा समतोल यांच्यात संबंध सापडला नाही. म्हणजे महाग हेडफोन बेसुरा आणि स्वस्त हेडफोन सुरेल असू शकतो. माझं मत विचाराल तर पहिला क्लोज्ड-बॅक म्हणून बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो घ्या. १९८०च्या दशकापासून स्टुडिओंमध्ये वापरला जातोय, २७० ग्रॅम, मखमली गाद्या, सुटे भाग मिळतात. वरचे सूर जरा टोचरे आहेत, पण स्टेलियाच्या पैशांत डझनभर येतील. त्यापुढचा पैसा तपशील, जागा आणि कारागिरीसाठी जातो. तो खर्च चूक आहे असं मी म्हणणार नाही, पण लोन काढून करू नका.

तरी घ्यायचाच असेल तर दुकानात जाताना रोजचा चष्मा घालून जा. आपली पाठ असलेली दोन-तीन गाणी फोनमध्ये न्या. एकात डग्गा किंवा पखवाज हवा, एकात नुसता आवाज आणि तानपुरा. दोन हेडफोनची तुलना करताना व्हॉल्यूमचं बटण तिथेच ठेवू नका. स्टेलियासारखा हेडफोन त्याच बटणावर स्टेल्थपेक्षा खूप मोठा वाजतो आणि जो मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. दोन्ही कानाला सारखे वाटतील असे करून घ्या, मग ठरवा.

शेवटी आवडलेला हेडफोन पाऊण तास डोक्यावर ठेवा, गाणं बंद असलं तरी चालेल. दुकानदार चुळबुळ करेल, करू द्या. पाऊण तासानं काढताना 'हुश्श' झालं, तर तो तिथेच ठेवून या.