सावलीचा पेला

व्हेनिसच्या अरुंद गल्लीबोळांत ‘बाकारो’ नांवाचीं लहान मद्यगृहें आहेत. तेथें गिऱ्हाइकें बहुधा उभ्यानेंच खातात. पावाच्या चकतीवर घोटून मऊ केलेला सुका कॉड मासा, कांदा व शिरका यांत मुरविलेल्या तारल्या, असे दोन घासांचे पदार्थ. आणि जोडीला द्राक्षासवाचा छोटासा पेला. त्या पेल्याचें नांव ‘ओंब्रा’, म्हणजे सावली. सान मार्को चौकांतील विक्रेते आसव थंड राहावें म्हणून उंच घंटाघराच्या सावलीबरोबर आपलें बस्तान हलवीत, अशी आख्यायिका आहे. तें घंटाघर १९०२ सालीं कोसळलें व १९१२ सालीं पुन्हां उभें राहिलें. शब्द मात्र मध्यंतरीं जागचा हलला नाहीं.

फळ्यावर दहा-बारा आसवांचीं नांवें पाहून पाहुणा हरखतो. दुकानदाराचा जीव मात्र तेथेंच टांगलेला असतो. ७५० मिलिलिटरच्या बाटलींतून असे जेमतेम सात पेले भरतात. बूच निघतांच हवेंतील प्राणवायु आपलें काम सुरू करतो. प्रथम स्वाद खुलतो, पण दोन-तीन दिवसांत तो उतरूं लागतो. दोन पेले खपले व बाकीचें विटलें, तर नफा दूरच, मुद्दलहि बुडतें. इतक्या बाटल्या एकदम उघडण्याचें धैर्य येतें तें शेजारपाजारच्या नित्याच्या गिऱ्हाइकांमुळें. कामावरून परततांना तीं एकेक पेला घेतात, आणि बाटली वेळेवर रिकामी होते.

१९५१ सालीं या बेटांवरील जुन्या शहरांत सुमारें १,७५,००० लोक राहत होते. २०२२ सालीं ती संख्या ५०,००० च्या खालीं आली. प्रवासी पुष्कळ येतात खरे. पण उघडलेली बाटली उद्यां संपवावयास ते थांबत नाहींत.