इंधन, ऊर्जा आणि वाघोलीची बसगाडी

‘इंधन’ हा शब्द संस्कृतातील ‘इन्ध्’ म्हणजे पेटविणे या धातूपासून सिद्ध झाला आहे. यज्ञातील ‘समिधा’ ही त्याच कुळातली. जे जळते ते इंधन, हा या शब्दाचा मूलार्थ होय. नगर रस्त्यावरील वाघोली येथील आगारातून निघणाऱ्या विजेच्या बसगाडीत मात्र काहीच जळत नाही. मग तिचे इंधन कोणते? हा प्रश्न केवळ शब्दार्थाचा नव्हे; वाहतुकीच्या भवितव्याविषयी विचार करताना जेथे फसगत होण्याचा संभव आहे, नेमकी ती जागा तो दाखवून देतो.

मराठीत एकाच तेलाला दोन नावे रूढ झाली. ‘रॉकेल’ हे ‘रॉक ऑइल’चे, म्हणजे खडकातील तेलाचे, रूपांतर, ‘घासलेट’ हे ‘गॅसलाइट’चे. पहिले नाव वस्तूचा उगम सांगते, दुसरे तिचा उपयोग. वाहनाच्या ऊर्जेविषयीही हे दोन प्रश्न वेगळे ठेवावयास हवेत : ती गाडीत काय करते, आणि ती येते कोठून?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर विजेच्या बाजूने आहे. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातील ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो, उरलेली उष्णतेच्या रूपाने वाया जाते. विद्युत मोटार मात्र तिला मिळालेल्या ऊर्जेचा बहुतांश भाग गतीत रूपांतरित करते. पुण्यात पुणे महानगर परिवहन महामंडळाच्या विजेच्या बसगाड्या २०१९ च्या फेब्रुवारीत धावू लागल्या. २०२१ साली महानगरपालिकेत समाविष्ट झालेल्या वाघोलीत वाहनांची दाटी नित्याचीच. तेथे धूर न सोडणारी बस हा रस्त्यालगत राहणाऱ्यांच्या श्वासाचा प्रश्न आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतके सरळ नाही. महाराष्ट्रातील बरीचशी वीज आजही कोळशापासून निर्माण होते. एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे, तर कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पाची सुमारे १,९६०. कोळशातील ऊर्जेचाही सुमारे एक तृतीयांश भागच विजेच्या रूपाने हाती लागतो. म्हणजे वाघोलीतला धूर काही अंशी नाहीसा होतो आणि काही अंशी केवळ स्थलांतर करतो. तथापि एक भेद महत्त्वाचा आहे. डिझेलची गाडी आयुष्यभर डिझेलचीच राहते. उलट विजेच्या गाडीचा उगम पालटता येतो. उद्या जाळ्यात सूर्याची वा वाऱ्याची वीज वाढली, तर तीच बस, तिच्यात काहीही बदल न करता, अधिक निर्मळ होते.

इथेनॉल म्हणजे ऊसमळी, उसाचा रस किंवा धान्य यांपासून केलेला मद्यार्क. त्यालाही हेच दोन प्रश्न विचारावे लागतात. पेट्रोलमध्ये तो मिसळण्याचे आरंभीचे प्रयोग २००१ मध्ये मिरज व मनमाड येथे झाले आणि २०२५ मध्ये देशाने वीस टक्के मिश्रणाची मजल गाठली. त्यामुळे आयात तेलाची गरज काही प्रमाणात घटते आणि साखर कारखान्यास दुसरे उत्पन्न मिळते. परंतु एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते, आणि ऊस हे भरपूर पाणी मागणारे पीक आहे. पाऊस अपुरा झाल्यावर, २०२३ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले. पुढील वर्षी ते उठविण्यात आले. खनिज तेल परदेशावर अवलंबून असते, इथेनॉल पर्जन्यावर.

म्हणून ‘स्वच्छ इंधन’ हा शब्दप्रयोग सावधपणे करावयास हवा. स्वच्छता हा गाडीचा एकटीचा गुण नव्हे. उगमापासून चाकापर्यंतच्या संपूर्ण साखळीचा तो गुण आहे. वाघोलीच्या बसथांब्यावर उभ्या असलेल्या प्रवाशाला या साखळीचे शेवटचे टोक तेवढे दिसते. पहिले टोक चंद्रपुरात कोळशाच्या धुराखाली राहणाऱ्यास आणि उसाच्या मळ्याशेजारी आटणाऱ्या विहिरीच्या धन्यास दिसते. भविष्यातील इंधनाचा निर्णय या तिघांचाही हिशेब मांडूनच करणे न्याय्य ठरेल.