रोवणीच्या दिवसांतलं घर

दिवाळी सरली की वडशाला लोक येतात ते नाटकांसाठी. झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्यांची कार्यालयं इथंच, तारखा इथंच ठरतात, आणि होळीपर्यंत गावोगावी रात्र-रात्र प्रयोग चालतात. आषाढात त्या कार्यालयांकडे कुणी फिरकत नाही. तेव्हा बोलायला दोनच विषय असतात: भाताचे पऱ्हे (रोपं) उपटायला आले का, आणि पावसानं दगा दिला तर इटियाडोह धरणाचं पाणी कधी सुटणार.

याच दिवसांत बायका घर कसं चालवतात आणि लेकरं कशी सांभाळतात हे पाहायचं असेल, तर पहाटे चारला उठायची तयारी हवी. रेल्वे लाइनीपलीकडच्या एका घरात मी ते पाहत होते. घरात आजी, तिचा मुलगा, सून, अकरा वर्षांची नात, सात वर्षांचा नातू आणि सात महिन्यांचं तान्हं. स्वतःची भाताची बांधी थोडकीच. ती रोवून झाली की सून दुसऱ्यांच्या बांध्यांत जाते.

रोवणी बहुधा गुत्त्यानं होते. बारा-पंधरा बायांचा गट, एकरामागे ठरलेली रक्कम, आणि आलेला पैसा सगळ्यांत सारखा वाटायचा. रोजानं जाणाऱ्या बाईला उशीर झाला तर मालक बोलतो. गुत्त्यात बरोबरीच्या बाया बोलतात, आणि ते जास्त लागतं. थांबायलाही सवड नसते. पऱ्हे साधारण वीस-पंचवीस दिवसांचे झाले की रोवायला हवेत. त्याहून जास्त दिवस तसेच राहिले तर फुटवे कमी धरतात. सगळ्यांचे पऱ्हे एकदमच तयार होतात, म्हणून सगळ्यांना बाया एकदमच हव्या असतात. कोंढाळ्याकडे जाणारा टेम्पो सात वाजता चौकात येतो. तोवर घर उरकलेलं पाहिजे.

म्हणून पहाटेच्या कामांचा क्रम ठरलेला. आधी चूल. सिलिंडर आहे, पण तो चहापुरता आणि पाहुण्यांपुरता. पावसाळ्यात लाकूड धरायला वेळ घेतं, तेव्हा आदल्या रात्रीच चार काटक्या चुलीच्या भानोशीवर वाळत ठेवलेल्या असतात. चूल पेटेपर्यंत अंगणात फडा फिरतो. मग भाताचा मोठा गंज चढतो, त्यात डब्याचा, घरचा आणि दुपारचा भात एकदमच. गंज चढला की तान्हं उठतं. सून पाटावर बसते, लेकराला पदराखाली घेते, एका हातानं त्याला धरते, दुसऱ्या हातानं लाकूड आत सारते आणि तोंडानं मोठीला हाका मारते: "ऊठ वो बाई, पाणी भर."

आता हे दृश्य सरकारी कागदावर कसं लिहायचं? 2019 मध्ये केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं देशभर वेळवापराची पाहणी केली. पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार असा दिवस धरून त्याचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे केले होते. निष्कर्ष असा की जी बाई घरकाम करते ती दिवसाला सरासरी 299 मिनिटं करते, आणि जो पुरुष करतो तो 97 मिनिटं. लेकरांची आणि म्हाताऱ्यांची देखभाल त्यात धरलेली नाही. तिचा रकाना वेगळा. पण पाटावर बसलेल्या या बाईच्या अर्ध्या तासात चूल कुठं संपते आणि लेकरू कुठं सुरू होतं, ते मला तिथं बसूनही सांगता आलं नसतं. एका तुकड्यात एकाहून अधिक कामं नोंदवायची सोय पाहणीत होती, हे खरं. पण ती नोंदवायला त्या बाईला ती कामं वाटायला हवीत. तिला विचारलं तर ती म्हणते, "भात मांडला होता."

सहा वाजता तान्हं आजीकडे येतं. आजी पाय लांब करून बसते, लेकरू पायांवर घेते, मोहाच्या बियांच्या तेलानं चोळते, ऊन पाण्यानं न्हाऊ घालते. पूर्वी यानंतर धुरी असायची आणि डोळ्यांत काजळ. दोन्ही बंद झालं ते घरोघरी फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्तीमुळे, आशाताईमुळे, आणि ते सुखासुखी झालं नाही. आजीचं म्हणणं, माझी चार याच धुरीत वाढली. आशाताईनं वाद घातला नाही. ती येत राहिली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत तिला सहा वेळा घरी यावं लागतं. एवढ्यांदा येणाऱ्या बाईशी भांडण फार दिवस टिकत नाही.

या फेऱ्यांचं मूळ याच जिल्ह्यात आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. गावातल्याच कमी शिकलेल्या बायांना नवजात बाळ तपासायला, त्याला ऊब द्यायला आणि जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायला त्यांनी शिकवलं. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले: त्या गावांतले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. 2011 पासून हीच पद्धत आशांच्या हाती देशभर गेली. सहा महिन्यांनंतरच्या फेरीत आशाताईनं या घरात एकच गोष्ट लावून धरली: पातळ पेज नको, कुस्करलेला घट्ट भात-वरण द्या. पेजेनं पोट भरतं, अंग भरत नाही. आजी आता भात कुस्करते, वर तेलाचा थेंब सोडते, आणि ही अक्कल आपलीच असल्यासारखं शेजारणींना सांगते.

सात वाजता सून पाठीवर पन्नी घेऊन निघाली की घर नातीच्या हातात येतं. आजीचे गुडघे दुखतात, म्हणजे बसून होईल तेवढं आजीचं, उठून करायचं ते नातीचं. जुन्या लुगड्याचा पाळणा छताच्या मयालीला बांधलेला. त्याची दोरी मुलीच्या पायाच्या अंगठ्याला. पाय हलतो, हात सुपातले तांदूळ निवडतात, पुढ्यात भूगोलाचं पुस्तक उघडं. वेळवापराच्या पाहणीत सहा वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांना धरलं होतं, म्हणजे अशी मुलगीही त्या बायकांच्या सरासरीत आली असणार. तिला विचारलं असतं तर ती बहुधा 'अभ्यास' म्हणाली असती. रोवणीत तिची शाळा बुडते. रोज नाही, पण आजीचे पाय सुजले की बुडते, आणि त्यावर घरात चर्चा होत नाही.

पूर्वी या दिवसांत पोरं आयाबायांबरोबर सात्या (अळंबी) आणि वास्ते (बांबूचे कोंब) आणायला जंगलात जात. आता या घरातली जात नाहीत. 13 माणसांचा बळी घेणारा 'सीटी-1' वाघ ऑक्टोबर 2022 मध्ये वडसा वनक्षेत्रातच जेरबंद झाला. तो गेला तरी वाघ आहेतच. सरपणाला बायका गटानं जातात आणि लेकरं घरी ठेवतात. त्यामुळे पोरांच्या अंगावर असलेलं रानातलं काम सुटलं. मुलाचा तो वेळ खेळाकडे गेला, मुलीचा चुलीकडे. हे कुणी ठरवून केलं नाही. म्हणूनच ते बदलायला कुणाला धरावं, कळत नाही.

बापाबद्दल न्यायानं बोलायला हवं. चिखलणी करणं, पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधीत टाकणं ही पुरुषांची कामं तो करतोच. रोवणीच्या महिन्यात भांडीही घासतो. फक्त समोरच्या नळावर नाही, मागच्या परसात. मी मागं डोकावले तेव्हा म्हणाला, "हात रिकामे होते."

सात वर्षांच्या मुलाला कामाला लावायचं सुनेनंच यंदा मनावर घेतलं. संध्याकाळी चिखलानं पांढरे पडलेले पाय धूत तिनं पाळण्याची दोरी त्याच्या हातात दिली. त्यानं असा झोका दिला की तान्हं दचकून रडलं. दुसऱ्यांदा जमलं. आजी म्हणाली, "कामाचा झाला माझा बापू." बाप हसला. शेजारीणसुद्धा कुडावरून डोकावून कौतुक करून गेली. नात भाजी चिरत होती.

"मले तं कोनी नाही म्हनलं असं," ती म्हणाली.

आजीनं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुले काय म्हनाचं वो, तुले तं येते." सुनेनं मुलीच्या पुढ्यातली विळी काढून घेतली, पोराला लसूण सोलायला बसवलं आणि तिला भूगोलाचं पुस्तक घेऊन दिव्याखाली जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पोरानं विचारलं, आज पण लसूण?