ग्रामीण भागात ढोल-लेझीम पथके : उभारणी आणि जोपासना

औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजार हे नावाप्रमाणेच बाजाराचे गाव. येथे कृषी उत्पन्न बाजार समिती असून सोयाबीन आणि हळद पिकविणाऱ्या आसपासच्या खेड्यांचा व्यवहार या गावाशी निगडित आहे. नादाची परंपराही या भागाला नवी नाही. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी याच हिंगोली जिल्ह्यात आहे. टाळ-मृदंगाच्या साथीने चालणारी भजने आणि हिंगोलीचा दसरा महोत्सव यांमुळे ताल येथील जीवनात पूर्वीपासून मुरलेला आहे. असे असूनही शिस्तबद्ध ढोल-ताशा पथक म्हटले की डोळ्यांसमोर पुण्याची मिरवणूकच उभी राहते. जवळा बाजारसारख्या गावी मुलामुलींचे स्वतःचे पथक कसे उभे राहील आणि उभे राहिलेले पथक कसे टिकेल, याचा विचार शिक्षक, पंचायत सदस्य आणि अधिकारी यांनी एकत्रितपणे करणे अगत्याचे आहे.

पुण्याचा अनुभव

पुण्यात डॉ. वि. वि. उर्फ आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी ही संस्था स्थापन केली. या संस्थेने गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत विद्यार्थ्यांची ढोल आणि बरचीची पथके उतरविली. एकसारखा वेश, ठरलेल्या रांगा आणि इशाऱ्यावर बदलणारा ताल यांमुळे मिरवणुकीतील वादनाला कवायतीचे रूप आले. पुढे शाळांच्या व तरुणांच्या अनेक पथकांनी हाच मार्ग अनुसरला आणि मुलीही मोठ्या संख्येने ढोल बांधू लागल्या. या पथकांचा खरा पाया म्हणजे उत्सवापूर्वी कित्येक आठवडे रोज संध्याकाळी चालणारा सराव होय. मिरवणूक पाहणाऱ्यास ढोल दिसतात. सराव दिसत नाही. ग्रामीण भागात पथक सुरू करताना नेमकी हीच गोष्ट विसरली जाते. निधी मिळतो, वाद्ये येतात, एक उत्सव साजरा होतो आणि पुढील वर्षी तीच वाद्ये खोलीच्या कोपऱ्यात फाटक्या पानांनिशी पडून राहतात. ढोल एका दिवसात विकत घेता येतो. पथक घडण्यास किमान एक वर्ष लागते.

शिकविणारा गावातच आहे

पथकाची पहिली गरज म्हणजे शिक्षक. त्याच्या शोधार्थ शहराकडे पाहण्यापूर्वी गावातच पाहावे. मराठवाड्यातील बहुतेक गावांत हलगी वाजविणारे कलावंत आढळतात. कड्यावर ताणलेले कातडे, एक जाड व एक बारीक काडी एवढ्या सामग्रीतून ते लेझीमच्या प्रत्येक चालीला साथ देतात. दमट हवेत सैल पडलेली हलगी शेकून स्वरात कशी आणावी, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकविलेले नाही.

तथापि या वादनामागे एक कटू इतिहास आहे आणि तो नजरेआड करून चालणार नाही. गावगाड्यात हलगी किंवा डफडे वाजविणे हे प्रामुख्याने मातंग समाजावर जातीने लादलेले काम होते. मोबदला अनिश्चित, मान मुळीच नाही आणि नकार देण्याची सोयही नाही, अशी ती स्थिती होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चळवळीने स्वाभिमानाची जाणीव दिल्यावर अनेकांनी गावकीची अशी कामे समजून-उमजून सोडून दिली. राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस बंदी घातली आहे. म्हणूनच गावाने नवे पथक काढताना जुन्या वादकास ‘वाजवायला ये’ असा निरोप धाडणे उचित नव्हे. त्यास गुरुजी म्हणून बोलवावे, मानधन आधी ठरवावे आणि ते वेळेवर द्यावे. त्याने नकार दिल्यास तो निमूटपणे मान्य करावा. त्याचबरोबर हलगी कोणत्या मुलाच्या हाती आणि ध्वज कोणाच्या हाती, हे आडनावावरून ठरता कामा नये. सर्व मुलांनी आळीपाळीने सर्व वाद्ये हाताळावीत, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. ज्या पथकात हा नियम मोडतो, तेथे जुनी उतरंड नव्या गणवेशात परत येते.

प्रथम लेझीम, मग ढोल

प्रारंभ लेझीमने करणे सोयीचे ठरते. लाकडी दांडा, साखळी आणि तीत ओवलेल्या धातूच्या चकत्या असे हे साधे साधन आहे. त्यात नाद, व्यायाम आणि पदन्यास एकत्र आलेले आहेत. १९८२ साली दिल्ली येथे भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनप्रसंगी महाराष्ट्राच्या लेझीमने देशाचे लक्ष वेधून घेतले होते. लहान मुलांना ढोलाचे ओझे कमरेस बांधणे योग्य नाही. त्यांच्यासाठी लेझीम आणि झांज पुरेशी आहे.

वरच्या वर्गातील मुलामुलींनी पुढे ढोलाकडे वळावे. ढोलाच्या एका पानावर टिपरू आणि दुसऱ्या पानावर हाताची थाप पडते. ताशा हे दोन काड्यांनी वाजविण्याचे तीव्र आवाजाचे वाद्य असून ‘हात’ बदलण्याची सूचना ताशावादक देतो. टोल लय धरून ठेवतो. एक ताशा, चार ढोल, एक टोल आणि वीस लेझीम एवढ्यावर लहान गावाचे पथक सुरू होऊ शकते. ढोल येण्यापूर्वी जुन्या टायरवर टिपरू चालवून हात बसवून घेता येतो. वाद्ये आणण्याची घाई न केल्यास किती मुले सरावास टिकतात, हेही कळून येते.

गावाचे वेळापत्रक

शहरातील पथकाचे वर्ष गणेशोत्सवाभोवती फिरते. गावाचे वर्ष शेतीभोवती फिरते. पेरणीच्या आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत मोठ्या मुलांना सरावास सवड मिळत नाही. ऊसतोडीस जाणारी कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात आणि अनेकदा मुलेही त्यांच्यासोबत जातात. ही मुले पथकातून गळू नयेत, असे वाटत असेल तर सरावाचा मुख्य काळ जुलै ते सप्टेंबर असा धरावा. १५ ऑगस्टचे ध्वजवंदन हे पहिले आणि १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन हे दुसरे उद्दिष्ट ठेवता येईल. १९४८ साली याच दिवशी हैदराबाद संस्थान भारतात विलीन होण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यामुळे या दिवसाचे संचलन कोणत्याही एका धर्माचे वा जातीचे नसून ते सर्व गावाचे ठरते. ज्या मुलांची हंगामी वसतिगृहात सोय होते, त्यांचा सराव हिवाळ्यातही चालू ठेवता येतो.

निगा, नियम आणि आरोग्य

शाळेचे पथक असेल तर निर्णय शाळा व्यवस्थापन समितीत व्हावा. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ अन्वये या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असतात. मुलींना संध्याकाळच्या सरावास पाठविण्याचा प्रश्न अशाच बैठकीत सुटू शकतो. सराव दिवस मावळण्यापूर्वी संपवावा आणि मुलींसोबत परत जाण्याची व्यवस्था ठरवून द्यावी. प्रत्येक वाद्याची नोंद जडवस्तू नोंदवहीत करावी. वाद्य एवढाच खर्च न धरता पाने, दोऱ्या, काड्या आणि मानधन यांसाठी दरवर्षी लागणारी रक्कमही सुरुवातीसच बाजूस काढावी. पथके बंद पडण्याचे कारण पुष्कळदा एक फाटलेले पान एवढेच असते.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसाची ध्वनिमर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निर्बंध अधिक कडक आहेत. त्यामुळे सरावाची जागा वस्ती, दवाखाना आणि भरलेले वर्ग यांपासून दूर निवडावी. वादकांच्या कानांचीही काळजी घ्यावी. ढोल-ताशांच्या मेळ्यात ध्वनी १०० डेसिबलच्या वर सहज जातो. ८५ डेसिबल ध्वनी आठ तास सहन होतो असे मानले, तर दर ३ डेसिबलच्या वाढीमागे ही मुदत निम्मी होते. या हिशोबाने १०० डेसिबलला ती जेमतेम १५ मिनिटांची उरते. कानात घालावयाची फोमची बोंडे स्वस्त मिळतात. ती वापरण्याची सवय आरंभीच लावावी. मधूनमधून विश्रांती द्यावी आणि नुसत्या टाळ्यांवर हात म्हणून घ्यावेत.

नादातून उभा राहणारा मान

ब्राझीलमधील साल्व्हादोर शहराच्या पेलोरिन्यो या उपेक्षित वस्तीत १९७९ साली ‘ओलोदुम’ हा ढोलवादकांचा संघ निघाला. आफ्रिकी वंशाच्या लोकांचा अभिमान जागविणे हे त्याचे उद्दिष्ट होते. वस्तीतील मुलांना वादन शिकविण्याचे कार्य त्याने हाती घेतले आणि त्याची कीर्ती जगभर पसरली. आपल्या देशात बिहारमधील दानापूरजवळच्या ढिबरा गावी शेतमजुरी करणाऱ्या दलित महिलांनी पद्मश्री सुधा वर्गीस यांच्या प्रेरणेने ‘सरगम महिला बँड’ उभा केला. प्रारंभी घरच्यांचा व शेजाऱ्यांचा विरोध झाला. पुढे त्यांना लग्नसमारंभांची आमंत्रणे येऊ लागली, हाती पैसा आला आणि विरोधाचा सूरही मावळला. ज्यांच्या हाती ढोल असणे कोणास रुचत नव्हते, त्यांच्याच ढोलाने गावाची ओळख बदलली.

जवळा बाजारच्या आठवडी बाजारातून एखाद्या स्वातंत्र्यदिनी असे पथक निघेल, तेव्हा आघाडीला कोण चालते याकडे गावाचे लक्ष असेल. ज्याच्या वडिलांना कधीकाळी मिरवणुकीच्या कडेने वाजवीत चालावे लागले, त्याची मुलगी त्या दिवशी ताशावर ‘हात’ बदलण्याची खूण देत असेल आणि सगळ्या आळ्यांची मुले तिच्या खुणेकडे पाहत असतील, तर पथकावर झालेला खर्च सार्थकी लागला असे समजावे.