विश्लेषण : कर्करोगाच्या जनुकीय संशोधनाला ‘पोस्टडॉक’ का हवेत? संधी कुठे?

समजा, आईला स्तनांचा कर्करोग झाला म्हणून मुलीने जनुकीय चाचणी केली. ‘बीआरसीए २’ जनुकात बदल दिसला. पण अहवालात शेरा आहे, ‘परिणाम अनिश्चित’. म्हणजे हा बदल घातक की निरुपद्रवी, हे आज सांगता येत नाही. याचे उत्तर शोधणाऱ्यांत पोस्टडॉक संशोधकांचा वाटा मोठा असतो.

उत्तर का मिळत नाही?

एखादा बदल निरोगी लोकांत किती आढळतो, हे तपासावे लागते. जगातील जनुकीय नोंदी मात्र प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांच्या आहेत. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातील सुमारे १० हजार भारतीयांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. आता तिचा अर्थ लावणारी माणसे हवीत.

पोस्टडॉक म्हणजे काय?

पीएच.डी.नंतर अनुभवी शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत केलेले ठरावीक मुदतीचे संशोधन. ही पदवी नव्हे. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे अशाच संशोधनासाठी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेल्या. परतल्यावर त्यांनी मुंबईत ऊती संवर्धन प्रयोगशाळा उभारली आणि स्तनांचा कर्करोग व आनुवंशिकता यांच्या संबंधावर काम केले.

संधी कुठे?

टाटा स्मारक केंद्राचे खारघर येथील ‘ॲक्ट्रेक’ आणि पश्चिम बंगालमधील कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था या प्रमुख जागा. हिरड्या व गालाच्या कर्करोगाच्या जनुकीय अभ्यासात दोन्ही संस्था एकत्र होत्या. केंद्राची राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते. वयोमर्यादा ३५, महिला व राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत. अर्जाआधी मार्गदर्शकाची संमती मिळवावी लागते. युरोपातील ‘मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी’ फेलोशिप कोणत्याही देशाच्या नागरिकांना खुली आहे, पीएच.डी.नंतरचा संशोधनाचा अनुभव आठ वर्षांपेक्षा जास्त नसावा.

इंजिनीअरना वाव आहे?

आहे, पण पीएच.डी. हवीच. एका व्यक्तीच्या जीनोममध्ये सुमारे तीन अब्ज अक्षरे असतात. ती चाळायला प्रोग्रॅमिंग आणि संख्याशास्त्र लागते.

अडचण काय?

मुदत. एका बदलाचा निकाल लावायला अनेक कुटुंबांच्या नोंदी लागतात आणि फेलोशिप त्याआधीच संपू शकते.

तोवर त्या मुलीने काय करावे?

केवळ या शेऱ्यावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये. कुटुंबाचा इतिहास पाहून डॉक्टर तपासण्या ठरवतात. अहवाल मात्र जपून ठेवावा आणि शेरा बदलला का, हे अधूनमधून विचारत राहावे.